खिडकीत धरलेली ब बाटली

सन्माननीय अध्यक्ष तात्यासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती पद्मजा मॅडम, आणि एक कान माझ्याकडं अन् नाक जेवणाकडं ठेवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मॅडमनी मघाशी हळूच बजावलं, "श्रीधरराव, बाटल्यांचं काढू नका." म्हणजे तेच काढायला हवं.

सोळा सालचा उन्हाळा आठवतो? शहरात रोज नवी सोसायटी उभी राहत होती आणि प्रत्येकीला टँकर हवा होता. कारखान्यांचं पाणी कापलेलं. आपण बनवतो त्या रंगात मिसळायच्या द्रावकाला, म्हणजे थिनरला, तर तीनदा अंघोळ लागायची, कारण क्रियेसाठी ओतलेलं ॲसिड धुऊन काढावं लागे. वरून निरोप आला, पंधरा दिवसांत पाणी निम्मं करा, नाहीतर प्लांट बंद. बासष्ट घरांचा प्रश्न होता.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या आपल्या मॅडम दोन वर्षं सांगत होत्या, "ॲसिडऐवजी उत्प्रेरकाचे टणक दाणे वापरू. माल त्यांतून वाहून जातो, दाणे जागेवर राहतात. धुण्याचं कामच उरत नाही." मी उत्पादनप्रमुख. धुतल्याशिवाय माल कुठं स्वच्छ होतो का, हे माझं ठरलेलं उत्तर. इतक्या शहाण्या माणसाशी कोण वाद घालणार?

मी मेहुण्याच्या लग्नाला कन्नडला गेलो. इकडं मॅडमनी आणि ऑपरेटर अंगदनं, तो बघा मागं हसतोय, छोट्या रिॲक्टरवर चाचणी उरकली. परतलो तर टेबलावर दोन बाटल्या, अ आणि ब. नमुना खिडकीच्या उजेडात धरून पास करायची माझी खोड मॅडमना ठाऊक होती. "सर, यातली जुन्या पद्धतीची कोणती?"

मी ब उचलली. "ही. बघा कशी नितळ. अ तुमच्या दाण्यांची, पिवळट." वर रजिस्टरात तसं लिहून सही ठोकली.

अंगद म्हणाला, "साहेब, ब दाण्यांचीच हाय. धुतलीच नाय तिला."

तेराव्या दिवशी मोठा रिॲक्टर दाण्यांवर चालू झाला. एकालाही घरी बसावं लागलं नाही. आणि पाणी वाचवल्याची ढाल? ती मला मिळाली. मी घेतली, वर स्वतःच्या दूरदृष्टीवर भाषणही केलं. माझ्या सहीचं पान मॅडमकडं होतं. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

ती ढाल या पिशवीत आहे. काल शहागंजच्या बाजारात तिच्यावरचं माझं नाव काढून मॅडमचं कोरून घेतलं. कारागीर म्हणाला, "साहब, नाम में गलती किसकी थी?" म्हटलं, "मेरी. बहुत पुरानी."

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि मॅडम, ढाल घेण्याआधी नाव जरा उजेडात धरून वाचा. माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.