शेकुवे नाखव्याचा बांबू

फाझाहून लामूच्या इस्पितळाकडं निघालेल्या होडीत आम्ही नऊजण होतो. सोमोएच्या मांडीवर डोकं ठेवून तिची लेक कळा सोसत होती. ओहोटी लागली होती. खाडीच्या मधोमध म्हाताऱ्या शेकुवे नाखव्यानं इंजिन बंद केलं.

"काका, रुतलो का?"

"रुतायच्या आधी थांबलो. बांबू टाकून तळ बघू दे. परवाच्या उधाणानं तो हलवलाय."

"ती मोठी होडी तर सरळ पुढं गेली!"

"गेली, आणि ती बघ, कुशीवर पडलीय. आता भरतीपर्यंत चहा उकळत बसतील."

"बांबूला काय लागलं?"

"काळा चिखल. इथून नको... हं, इथं शिंपल्यांचा चुरा लागतोय. चुऱ्यावरून पाण्याची ओढ वाहते, तिथं खोली मिळते. चला, डावीकडं."

"काका, लामू उजवीकडं आहे!"

"लामू उजवीकडं, पाणी डावीकडं. पोरीला सोडून सगळे उतरा आणि ढकला."

"मी पण? नवऱ्यामुलाचा झगा आहे माझ्याकडं, आजच शिवून झालाय!"

"डोक्यावर धर, शिंपीदादा. कमरेएवढंच पाणी आहे."

"आई, तू नको ना उतरू!"

"उतरायलाच हवं गं, नाहीतर होडी टेकेल."

"सोमोए, तू बस पोरीपाशी. तुझ्याऐवजी मी उतरतो."

"अहो काका, सत्तरी उलटली तुमची! आणि बांबू कोण टाकणार?"

"बांबू होडीत बसल्यावर लागतो. पाण्यात उतरलो की पायांनाच कळतं. दोरी दे इकडं."

त्यांनी दोरी खांद्यावर घेतली आणि आम्ही त्यांच्या मागं होडी ढकलायला लागलो. ती एकदाही टेकली नाही.