नऊ डबे आणि एक घास

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न — माणसाला एका वेळी दोन पंगतींना बसता येतं का? हसताय! गावात निवडणूक लागली की आपण सकाळी एकाकडे पोहे खातो, दुपारी दुसऱ्याकडे मटण हाणतो, आणि मत? ते तिसऱ्यालाच!

जपानात असं जमत नाही हो! तिथं एक जुना परंपरावादी पक्ष. पक्ष एक, आत गट पाच! म्हणाल, 'बुवा, हे तर आपल्यासारखंच!' थांबा! तिथली रीत ऐका. दर गुरुवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, पाचही गट आपापल्या खोलीत जेवायला बसतात. सगळे एकाच वेळी का? तर कुणाला दोन ठिकाणी जेवता येऊ नये! ज्याच्या पंगतीला बसलात, त्याचे तुम्ही.

सगळ्यांत लहान गट सेगावा नावाच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याचा. माणसं नऊ. त्यांतलाच एक काजिवारा. कोळ्यांच्या गावातून सहा वेळा निवडून आला, पण मंत्रिपद? एकदाही नाही! घरी नव्वदीची आई. मुलगा मंत्री झालेला बघायचा, एवढीच तिची आस.

पक्षाध्यक्षाची निवडणूक आली. पक्ष सत्तेतला, म्हणजे जो अध्यक्ष तोच पंतप्रधान, खाती वाटणारा! मोठ्या गटाचं पारडं जड! त्यांचा निरोप्या आला — "काजिवारासाहेब, या गुरुवारी आमच्याकडे जेवा. मत्स्यखातं तुमचं!"

गुरुवार आला. बाराला पाच कमी. काजिवारा जिन्यापाशी उभा. डावीकडे मोठ्या गटाचं दालन, आत हशा, गलबला — आणि त्यात आवाज कुणाचे? त्याच्याच गटातल्या सातजणांचे! उजवीकडे सेगावांची खोली. चिडीचूप! डोळ्यांपुढे आई आली. पाय डावीकडे वळला. खोटं कशाला सांगू? वळला! पण जाता जाता उजवीकडे नजर गेली.

टेबलावर नऊ डबे मांडलेले. नऊच्या नऊ! आणि एकटे सेगावा, मांडीवर हात ठेवून, बारा वाजायची वाट बघत बसलेले.

काजिवारा फिरला, आत जाऊन आपल्या जागेवर बसला.

"ऊठ," म्हातारा म्हणाला. "मी मोकळं करतो तुला. आईचा विचार कर."

"मग डबे नऊ का मागवलेत?"

"गट नऊजणांचा आहे म्हणून."

बारा वाजले! निरोप्या दारात येऊन ठाकला. काजिवारानं त्याच्याकडे बघत झाकण काढलं, काड्या उचलल्या — तिकडं काड्यांनी जेवतात हो, आपण नुसत्या काड्या करतो! — आणि पहिला घास घेतला. संपलं! खातं गेलं! सांगताना माझीच छाती फुगते बघा.

मोठा गट जिंकला. काजिवारा मान खाली घालून गावी गेला. आई अंगणात मासे खारवत बसलेली. शेजारीण हळहळली, "आजी, मुलाचं मंत्रिपद गेलं हो!"

म्हातारीनं हात पुसले. ताठ उभी राहिली.

"पद गेलं ना? जाऊ दे! माझा मुलगा कुठं गेलाय? होता तिथंच आहे की!"

वा रे माउली! काजिवारानं तेव्हा कुठं मान वर केली.

आता तुमचं बोला! पतपेढी असो, देऊळ असो, भावकी असो — पडत्या काळात कुणीतरी तुमचाही डबा मांडून बसलंय. बारा वाजत आलेत, मंडळी! पाय कुठं वळलाय तो बघा, आणि मग छातीवर हात ठेवून म्हणा — पांडुरंग हरी!