ओलं फडकं

खेडच्या एसटी स्टँडवर दाभोळच्या गाडीच्या रांगेत विमलाकाकूंच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याचे पाय काही एका जागी ठरेनात.

“अहो, स्वस्थ उभे राहा बघू. कारखान्यातली रात्रपाळी सकाळीच संपली ना?”

“फिल्टर धुतला मी. पण तो पुसायचं फडकं पाण्याच्या बादलीत टाकल्याचं आठवत नाही.”

“एका फडक्यापायी एवढा जीव खाली-वर?”

“अगो, एस्टरवर हायड्रोजन सोडून आम्ही अल्कोहोल करतो ना, त्यात तांब्याची पूड घालावी लागते. वापरलेली पूड फिल्टरात राहते, तीच फडक्याला लागते. ओली आहे तोवर गरीब. वाळली की पेटते.”

“काडी न लावता?”

“नुसत्या हवेने. डोळ्यांदेखत पेटलेली बघितलीय मी.”

“ते चौकडीचं, काळं झालेलं फडकं?”

“तुला काय ठाऊक?”

“तुमच्या डब्याच्या पिशवीत होतं, ओलंगिच्च. मी काढलं.”

“आणि?”

“घट्ट पिळून वाळत टाकलं.”

“कुठे?”

“घरामागे, पेंढ्याच्या उडवीवर. तिथे ऊन चांगलं लागतं.”

दाभोळची गाडी लागली. रांग पुढे सरकली. विमलाकाकूंच्या पुढे आता फक्त एक बायकी चप्पल उलटी पडलेली होती.