फणसाच्या चिकाचा कौल

मी गुरव. पावस गावाच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, पोटाशी आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर देवीची राई, म्हणजे आता नुसते खुंट, पण मी जन्मलो तेव्हा राईच होती, अशी दाट की आत शिरलेल्या गाईची घंटा ऐकू यायची, गाय दिसायची नाही. बापूस देवीची पूजा करायचा, त्याचा बापूसही तेच करायचा, आणि मला पूजेपेक्षा सोंगांचा नाद. शिमग्यात मी रावण व्हायचो. नऊ तोंडं पुठ्ठ्याची, दहावं माझं, पण आवाज असा लावायचो की पलीकडच्या वाडीतली पोरं रडायला लागायची. हसू नका, तिथल्या बायका अजून मला शिव्या देतात त्यापायी.

गावात काही ठरवायचं म्हणजे देवीला कौल लावायचा. तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण सांगायला मला आवडतं. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवी होय म्हणाली, डावी पडली तर नाही. लग्न, पेरणी, भावाभावांची वाटणी, सगळं त्या दोन कळ्यांवर. आणि कळ्या चिकटवणारा मी.

त्या राईत कुऱ्हाड न्यायची नाही, पडलेली फांदीसुद्धा चुलीला आणायची नाही, असा रिवाज. राईच्या पायथ्याशी झरा होता. तीन वाड्या त्याचं पाणी प्यायच्या, आणि उन्हाळ्यात त्याच्यावर वायंगण भात व्हायचं, थोडंच, पण आगोठीपर्यंत, पाऊस लागेपर्यंत, घरात पेज असायची.

तर एका साली कोळशाचा ठेकेदार आला, अंगात कोट, हातात छत्री, आणि बोलणं असं की मी रावण असून गप्प ऐकत बसलो. म्हणाला, ही झाडं उभी राहून तुम्हाला देतात काय, मुंबईला कोळसा कमी पडतोय, उभं झाड म्हणजे झोपलेला पैसा. खोत म्हणाले माझी ना नाही, मात्र राई देवीची, देवीला विचारा. लोकांनाही तेच बरं वाटलं. आता गंमत बघा, झाडांचा भाव झाला, तोडीची मजुरी ठरली, बंदरावरून माल नेणाऱ्या मचव्याचं भाडं ठरलं, पण झऱ्याचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. पाणी कुणी विकत घेत नव्हतं ना, म्हणून त्याला किंमतच नव्हती.

ठेकेदार मला बाजूला घेऊन म्हणाला, गुरव, एवढा आवाज तुमचा आणि वर झावळ्यांचा मांडव? राई मिळाली तर देवळापुढे चिऱ्याचा मंडप बांधून देतो, वर उंच रंगमंच. काय सांगू तुम्हाला, पैसे देतो म्हणाला असता तर मी त्याला हाकलला असता. तो मंडप म्हणाला.

कौलाच्या दिवशी सकाळी मी कोवळ्या फणसाचा चीक पानावर घेतला आणि डाव्या कळीला लावला. मग गाऱ्हाणं घातलं, असं घातलं की खोतांचे डोळे भरून आले. उजवी कळी पडली. डावी दुसऱ्या दिवशीसुद्धा पडली नाही, मी नखानं खरवडून काढली.

कुऱ्हाडी महिनाभर चालल्या. कोळसा इस्माईल तांडेलाच्या मचव्यातून गेला. आमची शेजारची ओळख, एकमेकांची थट्टा करायचो. शेवटची खेप भरून तो माझ्याकडे बघून म्हणाला, गुरवा, तुझी देवी तीन फेऱ्यांत खाली झाली रे. मी हसलो. तो हसला नाही.

मंडप झाला. काय मंडप! कुजबुजलो तरी शेवटच्या माणसाला ऐकू जाई. दोन शिमगे मी तिथे गाजवले. तिसऱ्या साली झरा चैत्रातच आटला, पाचव्या साली शिमग्याआधीच. वायंगण गेलं. माझी बायको सुंदरा दोन हंडे घेऊन सडा ओलांडून पलीकडच्या गावात जाऊ लागली, तिथल्या बायका आधी आपली भांडी भरायच्या, ही उन्हात उभी. सोंग बघायला आलेले पाहुणे पाणी मागायचे, आणि मी दहा तोंडांचा रावण, एकाही तोंडातून या बसा म्हणवत नसे.

गेल्या साली बायकांनीच विषय काढला. खुंटांना फूट येतेय, ती राखा, दहा वर्षं तिथे गुरं नकोत, शेळ्या नकोत, भाताच्या रोपांची जमीन भाजायच्या राबाला फांद्या नकोत. ज्यांना स्वतःचं वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची जमीन, नाही ते उसळले, आम्ही राब आणायचा कुठून, रोपं कशी काढायची? त्यांचंही खोटं नव्हतं. मग ठरलं, कौल लावा.

आणि ऐका, मी पुन्हा चीक आणला. या वेळी चांगल्या कामासाठी, अशी मनाची समजूत घालून. कळी चिकटवली, हात जोडले, बा देवी म्हणालो आणि पुढे शब्दच येईना. लोकांना वाटलं नाटक चाललंय. मी कळी उपटली आणि बोटं वर धरली.

"हा चीक बघा. त्या वेळी देवी बोललीच नाही, मी बोललो. आता तिला विचारू नका, तुमचं तुम्ही ठरवा."

मी मार खायच्या तयारीनं उभा होतो. सुंदरा बायकांतून पुढे आली.

"मला तेव्हाच कळलं होतं. बोटांचा चीक काढायला खोबरेल मीच दिलं होतं," ती म्हणाली. "गप्प राहिले, कारण मंडप मलाही बघायचा होता."

त्यानंतर दुपारपर्यंत भांडणं झाली, माझ्या आवशीपासून सगळ्यांचा उद्धार झाला, आणि शेवटी कौल न लावताच ठरलं की राई राखायची, आणि ज्यांच्याकडे वरकस आहे त्यांनी नसलेल्यांना राबाचे भारे द्यायचे. खोतांनी चार दिवस तोंड वाकडं केलं, मग दिले. कौलाचा मान माझ्या चुलतभावाकडे गेला. मला शिक्षा, राखण.

तेव्हापासून इथे खुंटांपाशी बसतो. शेळी दिसली की रावणाचा आवाज लावतो, पळतात बिचाऱ्या. फूट खांद्याला लागलीय. झरा आला नाही, माझ्या हयातीत येईलसं वाटतही नाही. चुकलो म्हणायला आता मोठा आवाज लागत नाही.

दमलात तुम्ही, हा तांब्या घ्या. सुंदरानं सडा ओलांडून आणलेलं पाणी आहे, पोटभर प्या, सुखी राहा. फक्त तळाचं घोटभर ठेवा, त्या कडेच्या खुंटाला घालायचंय.