डाव्या बाजूचा दिवा

—हो हो, कळलं, मान उजवीकडे आणि तोंड बंद. पण पोरी, अडुसष्ट वर्षं बोलत आलेय मी, आता तू गळ्याला ते दांडकं लावलंस म्हणून एकदम कशी गप्प बसू? हळू बोलते, मग तर झालं? हलत नाही. जेल कोमट करून आणलंस ते बेस केलंस बाई, गेल्या वर्षीची ती उंच पोरगी गारढोण थापायची, रांगेतला एकेक जण किंचाळत होता. आणि ऐक, मी काही तपासणीला नाव दिलं नव्हतं हं. मी फक्त चर्चचं तळघर उघडते, टेबलं मांडते, कॉफी चढवते, तुमची व्हॅन आली की म्हाताऱ्यांना रांगेत बसवते. ती डेल्फिन आली नाही, शेवटची वेळ रिकामी राहिली, आणि तू म्हणालीस, आर्डिस, या की तुम्हीच, यजमानांना फुकट असतं. फुकट! आमच्या गावात फुकट म्हटलं की माणूस सापळ्यातसुद्धा पाय घालेल.

दिवा मालवलास तो पडद्यावरचं चित्र नीट दिसावं म्हणून, ठाऊक आहे मला. पुन्हा लावशील तेव्हा बघ, डावीकडची ट्यूब मध्येच जाते. निम्मं तळघर काळं होतं, आणि मग आपोआप येते परत. पास्टरला सांगून सांगून थकले. त्याने इलेक्ट्रिशियन आणला, तो मेला शिडीवर चढला, इकडे टकटक, तिकडे टकटक, म्हणतो काही बिघाड नाही बाई. बिघाड नाही कसा? अर्विनच्या मयताच्या जेवणाला ऐन गर्दीत गेली, आणि माझ्या हातातून किटली सुटली, कॉफी सगळी फरशीभर. दांडा तेलकट होता. असणारच, सगळ्या बायका हॅमची सँडविचं भरत होत्या, हात पुसतंय कोण?

एक सांगू, रागावणार नाहीस ना? तुम्ही इथे लोकांच्या मानेतल्या शिरा बघता, आणि मी तिकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून रांगेकडे बघून सँडविचांचा हिशेब करते. अगं हसतेस काय, खरंच! मयताचं जेवण इथेच असतं, याच टेबलांवर, आणि ते माझ्याकडे असतं. अमक्याचं गोत मोठं, पाव जास्त मागवायला हवा. तमकीला माणसं कमी, पण जी यायची ती खाणारी. वाईट सवय आहे, कळतं मला, पण कुणीतरी हिशेब करायलाच हवा ना? माझ्या वेळी कोण करणार आहे देव जाणे. या नव्या पोरी बाजारातून आयत्या वड्या आणतील.

ऐकू येतंय? बाहेर खुर्च्या मिटून ठेवतोय ना, तो माझा नवरा, ऑरिन. काय खर्ज लावलाय बघ, शब्द न शब्द स्पष्ट. मघाशी तूही म्हणालीस, किती सुरेल गातात! सगळे म्हणतात. रविवारी गाणं संपलं की माझा हात धरून सांगतात, आर्डिस, किती सुधारलाय गं ऑरिन. मला वाटतं, एकेकीला गीतांच्या पुस्तकाने हाणावं. जा, बाहेर जाऊन विचार त्याला, नाव काय तुमचं? म्हणेल, छान. कॉफी हवी? छान. पाय दुखतोय? छान. एवढा एक शब्द शिल्लक राहिलाय त्याच्यापाशी. आणि गीतं तेवढी शाबूत, सगळी कडवी. डॉक्टर म्हणतात गाणं मेंदूच्या दुसऱ्या अंगाला असतं. असेल बाई. पण गाण्यात पाणी कसं मागायचं सांग मला.

हे तुला सांगायचं नव्हतं. आता निघालंच तोंडातून, तर ऐक — याच खाटेवर झोपला होता तो. गेल्या वर्षी. त्याचंही नाव नव्हतं, त्याही दिवशी शेवटची वेळ रिकामी होती, आणि तो टेबलं पुसत होता, तर ती उंच पोरगी म्हणाली, या काका, पडा जरा. धडधाकट माणूस गं! काही एक तक्रार नाही. त्या सकाळी छपरावरचा बर्फ उतरवून आला होता. मी स्वयंपाकघरात बशा विसळत होते आणि यंत्राचा आवाज तिथवर येत होता, हुप्प हुप्प, हुप्प हुप्प, आणि मग एका बाजूला तो बारीक झाला, शीळ घातल्यासारखा. पोरगी उठली, व्हॅनमध्ये गेली, कुणाशी तरी फोनवर बोलली आणि कागद घेऊन आली. ज्यांचं ठीक असतं त्यांना तुम्ही पोस्टाने कळवता, ज्यांचं वाईट त्यांना जागच्या जागी. मग काय, फार्गोच्या मोठ्या इस्पितळातला सर्जन. म्हणाला, शीर पुष्कळ बुजलीय, मान उघडून साफ करून टाकू. आमच्या लेकीने विचारलं हो त्याला, बाबांना काहीच होत नाहीये, मग करायलाच हवं का? तो म्हणाला, धोका असतो, पण फार थोड्यांना. त्या थोड्यांत नेमका आमचा ऑरिन. ऑपरेशनच्या टेबलावरच अर्धांगाचा झटका आला. शुद्धीवर आला तो उजवा हात लुळा घेऊन, आणि तोंडात, छान. आणि तो सर्जन मला काय सांगतो? शीर मात्र अगदी स्वच्छ झालीय. स्वच्छ! माणूस कामातून गेला आणि शीर तेवढी लखलखीत.

काय गं, डावीकडे परत का आलीस? डावी झाली होती ना मघाशी? उजवीला नाही एवढा वेळ लागला. आणि तो बारीक आवाज — नको, वाढवू नकोस. ऐकला मी.

नाही, मला कसलाही त्रास नाही. सुरुवातीला विचारलंस तेव्हा नाही म्हटलं ना मी? मग पुन्हा पुन्हा काय विचारायचं? डोळे माझे उत्तम आहेत. परवाच मोटार घेऊन एकटी औषधं आणायला गेले, वाटेत दिवा गेला तर घाबरले का मी? मुळीच नाही, गाडी नीट कडेला घेतली, परत येईपर्यंत थांबले, आणि —

मोटारीत कसला दिवा, दिवसाढवळ्या. तेच म्हणतेयस ना? म्हण. डाव्या डोळ्यावर वरून कुणी पडदा सोडावा तसं होतं. थोडा वेळ. मग उचलतात. अशी बघू नकोस माझ्याकडे.

कुठे निघालीस? व्हॅनमध्ये? बस खाली. बस म्हणते ना! त्या व्हॅनमधून काय येतं ते मी बघितलंय. कळतंय मला तू काय सांगणार ते — त्यांना त्रास नव्हता, तुम्हाला होतोय, तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही आजच गेलं पाहिजे. असेल वेगळी. पण तो माझा नवरा चालत गेला त्या टेबलापर्यंत, स्वतःच्या पायांनी, नर्सची थट्टा करत, आणि आता त्याच्या शर्टाची बटणं मी लावते. मीही तशीच उठले तर ती कोण लावणार, तू? की दोघं समोरासमोर बसून एकमेकांना छान छान म्हणत बसायचं?

आणि नाही गेले तर? तेही ठाऊक आहे. एक दिवस स्वयंपाकघरात पडेन. तो येईल, माझ्याजवळ बसेल. फोन भिंतीवरच आहे, डाव्या हाताने नंबरही दाबेल, तेवढं बसवलंय मी त्याच्याकडून. तिकडून अँब्युलन्सवाले विचारतील, काय झालं? छान. कोण पडलंय? छान. ते ठेवून देतील गं फोन! की गाऊन दाखवेल तो त्यांना? मला फार भीती वाटते. अगदी खरं सांगते, फार भीती वाटते. रोज न्याहारीला त्याला शिकवत असते, ऑरिन, म्हण, मदत. एकच शब्द रे बाबा. म-द-त. आख्खा हिवाळा शिकवतेय. तो माझ्या तोंडाकडे बघतो, ओठ हलवतो, घाम फुटतो बिचाऱ्याला, आणि मग हसून म्हणतो, छान.

हो, हिवाळ्यापासून. म्हणजे डोळ्याचं हे तेव्हापासूनच होतंय. झालं समाधान?

चल, दे तो कागदी रुमाल, मी पुसते माझी मान. हां... पडला. तूच उचल, उजवा हात जरा अवघडलाय एकाच जागी पडून पडून. कुणाला फोन करायचा नाही. पोस्टाने पाठव, सगळ्यांना पाठवतेस तसं. कॉफी आहे अजून किटलीत, आणि रुबार्बच्या वड्या बांधून ठेवल्यात तुझ्यासाठी, घेऊन जा. आता दिवा लाव आणि आवरायला घे, अंधार पडायच्या आत हायवेला लाग. लाव ना दिवा. काय वाट बघतेस?

लावलास? मग या बाजूला अंधारच कसा?

बघ, म्हटलं नव्हतं, डावीकडची ट्यूब... दोन्ही चालू आहेत? नीट बघ. दोन्ही?

ऑरिन गातोय ना अजून? गाऊ दे, त्याला आत बोलावू नकोस. तू जा आता. जा ना, उभी काय राहिलीस, जा म्हणते — नाही. थांब. थांब गं जरा.