उशीवर बसलेल्या सासूबाई

— नाही हो, उशी खराब नाहीये, चपटी आहे — खराब वेगळं, चपटं वेगळं. आत या ना, जिन्यात कशाला बोलायचं, शेजारी कान टवकारून बसलेत. तुम्ही उशी काखोटीला मारून स्वतः परत द्यायला आलात, म्हणजे सज्जनच म्हणायचे. बाकीची गिऱ्हाइकं मोबाइलवर बटण दाबतात नि मोकळी होतात — परत यायचा खर्च माझ्या बोडक्यावर, अशा दोन उशा आणखी आल्या की माझं दुकान बंद.

चपटी का, सांगते ना. उशी वजनाला काहीच नाही, पण कुरिअरवाला वजन बघतच नाही, खोकं बघतो. खोकं मोठं की भाडं मोठं. ते तुम्ही भरायचं, माझ्याकडे यायचं, मी त्याला द्यायचं — हाताला लागतं न लागतं तोच गेलं. आणि ही वेबसाइट कमिशन कशावर घेते? उशीवर घे बाई, माझी ना नाही. पण भाड्यावरही? भाडं काय मी शिवलंय? मी फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, भाड्यावरचं कमिशन सोडलं तर काही विक्रेते उशी एक रुपयाला लावतील नि सगळी किंमत भाड्यात दाखवतील. शी, असे कोण लोक असतात? — म्हणजे मी होते, महिनाभर, पण तिला काय माहीत? माहीत होतं म्हणा. माझ्याच दुकानाचं नाव घेतलं तिनं.

मग उरलं काय, खोकं लहान करायचं. ह्यांना उशीवर बसवलं — हे काडीसारखे, उशीला कळलंसुद्धा नाही. मग सासूबाईंना विनंती केली. त्या रागावल्या, अबोला धरला, पण धरला तो उशीवर बसूनच — पुढे गोडीच लागली त्यांना. टीव्ही बघता बघता चार-चार उशा! खोकी निम्मी झाली. तुमच्या उशीच्या वेळी नेमका मालिकेचा शेवटचा भाग, त्या उठल्याच नाहीत, जेवणही तिथेच मागवलं. कापसानं हाय खाल्ली.

ही नवी घ्या. हिच्यावर कुणीही बसलेलं नाही, शप्पथ. हातोहात देते — खोकं नाही, भाडं नाही, भाड्यावरचं कमिशन नाही. मोबाइल काढा आणि वेबसाइटवर टाकलेली तक्रार तेवढी मागे घ्या. घेतलीत? बघू... हां. जीव भांड्यात पडला.

सासूबाई? लेकीकडे गेल्यात. म्हणाल्या, गुडघे माझे नि धंदा तुझा, आता तूच बस. मी बसले तर शिवणार कोण? आणि कुरिअरवाला येईलच इतक्यात.

रागावणार नसाल तर एक विचारू? वजन किती हो तुमचं? नाही, चांगलं भारदस्त दिसताय म्हणून. बसा ना जरा. खुर्चीवर नको — ह्या खोक्यावर. अस्सं. टेका नीट. श्वास सोडा, मी चिकटपट्टी लावते. आणि आता काही बोलू नका — बोलायला माणूस श्वास घेतो, हलका होतो.

हलू नका म्हटलं ना.