उरलेला गट

“आमच्या घरी सगळंच शिजते, मंग हिचं रक्त कमी काहून?” माझा पोरगा प्रमोद नर्सबाईवरच डाफरत होता. सून सुजाता दोन जिवांची, दाराशी मान खाली घालून उभी. नर्सबाई बिचारी पुन्हा समजावत होती, की ताटात धान्य, डाळ, पालेभाजी, मासे-अंडी अन् फळ असे पाचही गट रोज पाहिजेत.

“अवो बाई, काल तुरीचं वरण होतं, तरोट्याची पालेभाजी होती, तलावातले झिंगे होते, पेरू होते. सांग ना माय!”

आता मलाच साक्षीला बोलावलं, तर मी कशाला गप्प बसू?

“होते ना,” मी म्हटलं. “झिंगे तू दोनदा मागून घेतले. वरण-भाजी तुया बापानं संपवली, पेरू त्याच्या दोस्तानं. सुजाता रीतीनं सगळ्यांच्या मागून बसली, तवा भाताच्या गंजात निरा भातच उरला होता. मीबी जनमभर तोच गट खाल्ला.”

नर्सबाई हसली. प्रमोद चिडला, “मंग आता मी काय उपाशी राहू?”

“कायले उपाशी? आजपासून सुजाता पहिले जेवन, अन् गंजात जो उरन तो तुया गट.”